चाळीस फेऱ्या

फ्रिज बंद केल्यावर घर इतका वेळ किती आवाज करत होतं ते सगळ्यांच्या एकदम लक्षात आलं. वहिनी प्लग हातात धरून उभी होती.

"किती वेळ बंद ठेवायचा? आत दूध आहे."

"गाणं सव्वातीन मिनिटांचं आहे," मुंगी टेबलाखालून म्हणाली. "जोडाजोडीला मात्र तास लागेल."

"मग तासाभराने सांग." वहिनीने लेकीच्या डोक्यावरून हात लांबवून प्लग परत खुपसला. घरघर पुन्हा सुरू झाली.

आत्या दाराजवळच्या खुर्चीत बसली होती. अकरा वर्षांनी ती या घरात आली होती आणि खुर्ची तिने विचार करूनच निवडली होती. दारापासून जवळ, वडिलांपासून, म्हणजे नानांपासून, लांब. पर्स मांडीवर. दुपारी तीनच्या गाडीने ती परत जाणार होती आणि जाताना आईची तबकडी घेऊन जाणार होती. महिन्यापूर्वी फोनवर तिने तसं सांगितलं, तेव्हा थोरल्याने, म्हणजे तिच्या भावाने, फोनवरच नाही म्हटलं. पुढचे पंधरा दिवस दोघं मुंगीमार्फत भांडले. शेवटी मुंगीनेच तोडगा काढला. तबकडीवरचा आवाज संगणकात उतरवून घ्यायचा. मग तबकडी कुणाकडे का असेना, आवाज दोघांकडे राहील.

तोडगा चांगला होता, तबकडी चांगली नव्हती. ती कारखान्यात छापलेली रेकॉर्ड नव्हतीच. लग्नाच्या आधी, एकोणीस वर्षांची असताना, आईने ती एका दुकानात करून घेतली होती. तेव्हा अशी दुकानं होती. आत जाऊन गायचं, आणि अ‍ॅल्युमिनियमच्या चकतीवरच्या काळ्या थरात सुई तुमचा आवाज कोरून द्यायची. प्रत एकच. छप्पन्न वर्षांत तो थर आक्रसला होता आणि कडेला बारीक भेगा पडल्या होत्या. मुंगीने भिंगातून सगळी तबकडी पाहिली होती, आणि जे दिसलं ते न वाढवता सांगितलं होतं. "आणखी एकदा वाजेल. दोनदा वाजेल असं मी लिहून देणार नाही."

नाना खिडकीशी आपल्या रेकॉर्ड वाजवायच्या यंत्राजवळ बसले होते. चाळीस वर्षं कारखान्यात लेथवर काढलेला माणूस. हे यंत्रही त्यांनीच जुळवलेलं. मोटर एकीकडची, सुईची दांडी दुसरीकडची, खालची जड थाळी स्वतः कातलेली. ज्या पेटीतून आवाज यायचा ती सहा वर्षांपूर्वी जळाली आणि तेव्हापासून तबकडी वाजलीच नव्हती. मुंगी मैत्रिणीकडून नवं यंत्र आणणार होती. नाना म्हणाले होते, "तिची तबकडी दुसऱ्या यंत्रावर लागणार नाही."

"नाना, नवं जास्त अचूक असतं."

"असेल."

त्या एका शब्दानंतर विषय संपला होता. नानांचे विषय असेच संपतात हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

चाचणीसाठी मुंगीने भंगारातून एक रेकॉर्ड आणली होती. ती गाण्यांची नव्हतीच. वाफेच्या इंजिनांचे आवाज होते तिच्यावर. कुणी हौसेने भरले, कुणी हौसेने विकत घेतले आणि शेवटी कुणी टाकून दिले. यंत्राची वायर तिने आधी सरळ संगणकाला लावली. इंजिन सुरू झालं, पण काड्यापेटीत कोंडल्यासारखं.

"हे इंजिन आहे की शिवणयंत्र?" थोरल्याने विचारलं.

"रेकॉर्डवर खालचे, जाड आवाज मुद्दाम दाबून कोरतात. नाहीतर एक रेघ शेजारच्या रेघेत घुसेल. वाजवताना ते परत उचलून घ्यावे लागतात. जळलेल्या पेटीत ती सोय होती. संगणकात नाही." मुंगीने साबणाच्या वडीएवढी एक डबी वर धरली. "ती ह्याच्यात आहे."

डबी मध्ये बसली. आता इंजिन इंजिनासारखं आलं, पण त्याच्या मागून एक जाड 'घूं' सगळ्या खोलीत भरला. थोरला पुढे झाला आणि काय झालं ते बघायला त्याने दांडीच्या धातूवर बोट ठेवलं. घूं थांबला. बोट काढलं, परत आला.

"बाबा, ठेवा. काढा. ठेवा." मुंगीचा चेहरा उजळला. "कळलं. अर्थिंगची वायर तुटली आहे. आत्ता तिचं काम तुम्ही करताय."

"मग मी सव्वातीन मिनिटं असाच उभा राहू?"

"राहा की," वहिनी स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. "संसारात एकदा तरी म्हणता येईल, तुम्ही होतात म्हणून घरात शांतता होती."

आत्याला हसू आलं. ते लपवायला ती पर्समध्ये काहीतरी शोधू लागली. वहिनीने ते पाहिलं आणि मनात नोंदवून ठेवलं. नणंद आली तेव्हापासून वहिनी असं काहीतरी जमवायच्या प्रयत्नात होती.

मुंगीने तुटक्या टोकाला नवी वायर पिळली आणि डबीच्या स्क्रूखाली दाबली. आता मागे काहीच नव्हतं. फक्त इंजिन, झुक झुक करत, सावकाश चढण चढल्यासारखं.

"गाडी लेट आहे वाटतं," थोरला म्हणाला.

मुंगीसुद्धा हसली. नंतर तिला त्या हसण्याचा फार राग यायचा होता.

*

"फ्रिज," मुंगी म्हणाली. वहिनीने प्लग काढला. पंखा बंद झाला, खिडकी लागली. थोरल्याने फोन उशीखाली दाबला.

"नाना, आज एक गोष्ट वेगळी करायची. दरवेळी तुम्ही सुई मध्येच उचलता. आज तिला शेवटपर्यंत जाऊ द्या. पुढे अजून बोटभर रेघा आहेत."

"पुढे काही नाही."

"काही नसेल तर काही नाही एवढं नोंदलं जाईल."

"गाणं हुंदक्यापाशी संपतं," नाना म्हणाले.

तो शब्द खोलीत पडला आणि आत्याने पर्स मिटली.

आई गेली तेव्हा ती बारा वर्षांची होती आणि थोरला सोळा. तबकडी आईच्या ट्रंकेत, कपड्यांच्या तळाशी सापडली. आपल्याला गाता येतं हे तिने घरात कुणाला सांगितलेलं नव्हतं. त्यानंतर दर वर्षी, ती गेली त्या तारखेला, नाना यंत्र लावायचे. आईचा दाट, दमलेला आवाज यायचा, आणि गाणं संपता संपता एक दबलेला हुंदका. मग नाना सुई उचलायचे. आत्या लहानाची मोठी झाली ती त्या हुंदक्याचं कारण शोधत, आणि कारण तिला नेहमी समोरच बसलेलं दिसायचं. लग्न ठरलं, आता गाणं सुटणार, त्याचंच ते रडू, असं तिने धरलं होतं. अकरा वर्षांपूर्वी याच खोलीत ती नानांना म्हणाली होती, "तिचं गाणं तुम्ही बंद केलंत." नाना गप्प बसले होते. नाही म्हणाले असते तर ती भांडली असती, हो म्हणाले असते तर रडली असती. ते गप्प बसले म्हणून ती गेली.

"तो हुंदका तरी पूर्ण ऐकू द्या," ती आता म्हणाली. अकरा वर्षांनी ती नानांशी थेट बोलली होती.

"ताई," थोरला म्हणाला. बहिणीला तो रागावतानाच ताई म्हणायचा.

"काय ताई? तू बाजूच घेत बस. लग्नाआधी गायची आणि लग्नानंतर अठरा वर्षं ट्रंक. यात न समजण्यासारखं काय आहे?"

"तुला सगळं समजतं."

"नोंदवायला सुरुवात केली आहे," मुंगी म्हणाली. "तुम्ही दोघंही आत जाताय."

नानांनी दांडी उचलली.

त्यांचे हात अलीकडे कापायचे. चहा बशीत सांडायचा. पण दांडी धरली की कापणं थांबायचं. ते कसं, हे त्यांना स्वतःलाही सांगता आलं नसतं. त्यांनी सुई काठावर टेकवली. चर्र, टक्, चर्र. प्रत्येक फेरीला भेगेवरून जाताना एक टक्. मग ती आली.

सहा वर्षांनी. नानांनी डोळे मिटले नाहीत, सुईकडेच पाहत राहिले. हा आवाज त्यांचा होता, म्हणजे त्यांच्या घरातला होता. असाच आवाज सकाळी पाणी आलं म्हणून सांगायचा, थोरल्याला उठवायचा. त्यांनी मनात फेऱ्या मोजल्या नाहीत. मोजायची गरज नव्हती. पुढे काय आहे ते या खोलीत फक्त त्यांना ठाऊक होतं, आणि त्यांनी ते एकदाच ऐकलं होतं, सदतीस वर्षांपूर्वी.

हुंदका आला. त्यांचा हात सवयीने पुढे गेला.

"नाना," मुंगी अगदी हळू म्हणाली.

हात दांडीवर थांबला. थाळी फिरत होती. ते उचलू शकत होते. दाराजवळच्या खुर्चीकडे त्यांनी एकदा पाहिलं. मग हात मांडीवर घेतला.

टक्. टक्. आणि एक पुरुष बोलला, जाड, घोगरा, प्रत्येक अक्षर चिखलातून ओढून काढल्यासारखा. "पुन्हा घेऊ या का?"

आणि आई, थकलेली, सगळं सोडून दिल्यासारखी. "नको. चुकलं तेच राहू दे."

मग नुसती खरखर. सुई आतल्या कड्याला लागली आणि मुंगीने दांडी उचलली. सुईच्या टोकाला काळा भुगा चिकटला होता. तबकडीच्या काठावर, जिथे भेगा होत्या, तिथे आता नखाएवढी चांदी दिसत होती.

"संपली," ती म्हणाली. "पुन्हा नाही वाजणार. पण पूर्ण आली आहे."

"ऐकलंस?" आत्या थोरल्याला म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज कोरडा होता. "चुकलं तेच राहू दे. एकोणिसाव्या वर्षी."

थोरला तबकडीच्या उघड्या पडलेल्या चकतीकडे बघत राहिला.

"पण मी म्हणते," वहिनी दारातून म्हणाली, "तो माणूस काय झोपेत बोलत होता?"

सगळ्यांनी वळून तिच्याकडे पाहिलं.

"नाही, खरंच. दुकानात बसलेला माणूस, गिऱ्हाईक समोर, आणि असा बोलेल? बैल बोलल्यासारखा?"

मुंगी संगणकाकडे बघत होती. तिने वळून थाळीकडे पाहिलं. गाडी लेट आहे वाटतं, तिला आठवलं. "आत्या, तुझ्याकडे चिकटपट्टी असेल."

आत्या एका रुग्णालयात मुख्य परिचारिका होती; चिकटपट्टी पर्समध्ये असणारच होती. मुंगीने तबकडी काढून ठेवली, पट्टीचा तुकडा थाळीच्या कडेला लावला आणि मोटर सुरू केली. "हा तुकडा दांडीसमोरून मिनिटात किती वेळा जातो ते मोजायचं. माझ्या फोनवर..."

पण आत्या आधीच उठून यंत्रापाशी आली होती. मनगटावरचं घड्याळ वर, नजर थाळीवर, ओठ न हलवता. पंचवीस वर्षं तिने याच पद्धतीने माणसांच्या नाड्या मोजल्या होत्या. नानांच्या इतक्या जवळ आपण उभ्या आहोत हे तिच्या लक्षात आलं नाही.

"चाळीस," ती म्हणाली.

"परत."

पुन्हा एक मिनिट. "चाळीस. हव्यात किती?"

"पंचेचाळीस."

"पट्टा सैल पडला असेल," थोरला म्हणाला. "जुना आहे."

"सैल पट्टा घसरतो, बाबा. एकदा चाळीस, एकदा त्रेचाळीस, असं येईल. सलग चाळीस यायला..." मुंगीने वाक्य पुरं केलं नाही. ती मोटरच्या दांड्यावर बसवलेल्या छोट्या पितळी पुलीकडे बघत होती. तिच्यावरूनच पट्टा थाळीला फिरवायचा; पुली जितकी लहान, तितकी थाळी हळू. पुली चकचकीत, कडा सफाईदार. बाकी मोटर गंजकी.

"नऊला किंचित कमी," नाना म्हणाले. "मोजू नकोस. आठ पूर्णांक नऊ मिलिमीटर आहे."

"आणि आधीची?"

"दहा." त्यांनी थोरल्याकडे पाहिलं. "माझ्या खणात, पान्यांच्या मागे, एक काड्यापेटी आहे. आण."

थोरला गेला. तो परत येईपर्यंत कुणी जागचं हललं नाही. काड्यापेटीत कापसावर दुसरी पुली होती, काळवंडलेली, कारखान्यात बनलेली. आत्याने ती हातात घेतली. तिला काहीच समजलं नव्हतं आणि समजायला लागलं आहे याची भीती वाटत होती.

"ट्रंकेत तबकडी सापडली त्या दिवशी मी लावली," नाना म्हणाले. ते तिच्याशी बोलत होते, पण बघत होते थाळीकडे. "तुम्ही दोघं इथे बसला होतात. मला वाटलं, पोरांना आई ऐकू येईल. तर एक पोरगी गायला लागली. कोण कुठली, मी कधी भेटलोच नव्हतो तिला. मी तिला पाहिलं त्यानंतर वर्षाने. तोवर काय झालं होतं, मला माहीत नाही. मी विचारलं नाही कधी." ते थांबले. "आणि तू उठलीस. म्हणालीस, ही आई नाहीये. म्हणालीस, खोटं आहे, बंद करा. आणि दोन दिवस जेवली नाहीस."

"मला नाही आठवत," आत्या म्हणाली.

"बारा वर्षांची होतीस."

"मला आठवतं," थोरला हळू म्हणाला. "जेवली नव्हती ते आठवतं. कशावरून ते नाही."

"मग कारखान्यात सुट्टीच्या वेळात कातली. चार केल्या. साडेनऊची केली, पोरगीच वाटायची. साडेआठची केली, म्हातारी. ही बसली." नानांनी अंगठा आणि तर्जनी यांच्यात नसलेली पुली धरली. "पुढच्या रविवारी लावली. तू दारात उभी राहिलीस, ऐकलंस, आणि आत येऊन माझ्या शेजारी बसलीस. शेवटी तो दुकानदार बोलायचा. त्याच्यावरून कळलं असतं. म्हणून उचलायचो."

"सदतीस वर्षं?"

"मोठी झाल्यावर सांगणार होतो. मोठी झालीस तोवर माझ्याबद्दल तुझं ठरलं होतं."

"नाही म्हणायचं होतंत. मी बोलले त्या दिवशी. तेव्हा तरी."

"काय नाही म्हणायचं?" नानांनी पहिल्यांदाच तिच्याकडे पाहिलं. "मी तिला गाऊ नको म्हटलं नाही. पण गा असंही कधी म्हटलं नाही. अठरा वर्षांत. ते काय वेगळं झालं?"

वहिनीने दारातून नवऱ्याला खुणेने सांगितलं, आत्ता तुम्ही काही बोलू नका. त्याने ते पहिल्या खुणेत ऐकलं.

"तबकडी पुन्हा लावायची गरज नाही," मुंगी थोड्या वेळाने म्हणाली. "नोंदलेल्याचा वेग मी वाढवू शकते. चाळीसाचे पंचेचाळीस. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. पण करू का ते तुम्ही सांगा."

थोरल्याने बहिणीकडे पाहिलं. तिने नानांकडे.

"कर," नाना म्हणाले.

खोलीत एक पोरगी आली. आवाज पातळ, काठाला थोडा किनरा, श्वास मध्येच कमी पडणारा आणि त्याची फिकीर नसलेला. आत्याच्या रुग्णालयात शिकायला येतात तशा वयाची. दुसऱ्या कडव्यात ती एक ओळ विसरली, चुकीची ओळ आत्मविश्वासाने गायली, आणि तिला ते कळलं हे तिच्या आवाजात ऐकू आलं. इतकी वर्षं तीच चूक सगळ्यांनी ऐकली होती. हळू वाजल्यावर ती चूक वाटत नव्हती, वजन वाटत होतं. गाणं संपता संपता तिचा श्वास अडकला. दाबलेलं हसू होतं ते, निसटलेलं.

"पुन्हा घेऊ या का?" चटपटीत आवाजाचा एक माणूस म्हणाला. दुकानदार वाटत होता.

"नको. चुकलं तेच राहू दे."

आणि कुणीतरी, तीच किंवा बरोबर आलेली मैत्रीण, फसकन हसलं.

मुंगीने थांबवलं. खिडकी बंद असूनही बाहेरून एक सायकल गेल्याचं ऐकू आलं.

"हसतेय," थोरला म्हणाला. त्याने चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. "आपल्या घरात कधी हसली ती अशी?"

"हसायची," नाना म्हणाले. "हळू."

आत्या उभीच होती. हातातली जुनी पुली तिने काड्यापेटीत कापसावर परत ठेवली आणि पेटी बंद केली. "मुंगे, मला दोन्ही नोंदी दे. ही पण, आणि आधीची पण. आधीचीला माझ्या आईचं नाव दे. हिला..." तिने जरा विचार केला. "हिला काही नाव नको. नुसती तारीख."

"आणि तबकडी?" थोरल्याने विचारलं. "तू ने, हवी तर. खरंच."

"ती तुझ्याकडे राहू दे." मग ती नानांकडे वळली. "ती पुली काढून द्या मला."

"कुठली?"

"माझ्यासाठी केलीत ती."

नानांनी बारीक पेचकस घेतला. पुलीच्या बगलेला तिळाएवढा स्क्रू होता. सुई असती तर हाताचं कापणं थांबलं असतं, पण पेचकसाला ते माहीत नव्हतं. टोक दोनदा घसरलं. आत्या खाली बसली, त्यांच्या खुर्चीच्या पायाशी, आणि त्यांचं मनगट धरलं, सलाईन लावताना धरते तसं, घट्ट नाही पण हलणार नाही असं. तिसऱ्यांदा टोक बसलं.

"डावीकडे," ती म्हणाली.

"मला सांगतेस?" नाना म्हणाले.

पुली निघाली. त्यांनी ती तिच्या तळहातावर ठेवली. मोटर इतका वेळ चालली होती म्हणून पितळ अजून कोमट होतं. तिने मूठ मिटली.

"फ्रिज लावू का आता?" वहिनीने विचारलं.

"लाव," आत्या म्हणाली. "आणि चहा टाक. तीनच्या गाडीनंतर पाचची पण असते."